वडिलांचा इन्क्वेस्ट, आईची निर्णयक्षमता आणि ‘डॉक्टरवर केस’: आधी कुठे जायचं?

प्रश्न थोडक्यात असा. वडील, वय ७६, इंग्लंडमधल्या एका एनएचएस (सरकारी) इस्पितळात लघवीच्या संसर्गासाठी दाखल झाले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे सेप्सिसने, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून, गेले. त्या रात्री त्यांच्याकडे कुणी फिरकलंच नाही, असं मुलीला वाटतं. कोरोनरने इन्क्वेस्ट, म्हणजे मृत्यूची न्यायालयीन चौकशी, उघडला आहे. आईला दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालंय. तिचं सगळं वडीलच बघायचे, आणि आता सोशल वर्कर केअर होमचं बोलतेय. साताऱ्याचे काका फोनवर सांगतात, ‘चांगला बॅरिस्टर गाठ आणि डॉक्टरवर केस ठोक.’ मुलगी विचारते की बॅरिस्टर गाठायचा म्हणजे नेमकं काय करायचं, आणि सुरुवात कुठून करायची?

मी बॅरिस्टर आहे आणि एकोणीस वर्षं लंडनमधून हेच काम करते: वैद्यकीय हलगर्जीपणाचे दावे, इन्क्वेस्ट आणि निर्णयक्षमतेची प्रकरणं. तुमच्या पत्रात वडिलांवर दीड पान आहे आणि आईवर शेवटच्या दोन ओळी. मी उत्तर उलट्या क्रमाने देते, कारण इन्क्वेस्टला काही महिने आहेत आणि दाव्याला तीन वर्षं आहेत. आईच्या बाबतीतला निर्णय मात्र पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तुमच्या पाठीमागे होऊन जाऊ शकतो. वडील गेल्याच्या धक्क्यात घरच्यांचं सगळं लक्ष इस्पितळाच्या कागदांकडे लागतं, आणि त्याच महिन्यात आई कुठल्याशा होममध्ये पोचलेली असते. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्या भेटीत मी आधी जिवंत माणसाबद्दल विचारते.

तर आई. आपल्याकडून आलेल्या माणसाला इथला एक नियम पचायला फार जड जातो. प्रौढ माणसाच्या वतीने सही करायचा अधिकार मुलीला, मुलाला किंवा नवऱ्यालाही आपोआप मिळत नाही. ‘नेक्स्ट ऑफ किन’ हा इस्पितळाच्या फॉर्मवरचा एक रकाना आहे. फोन कुणाला करायचा एवढंच त्यातून कळतं. म्हणून ‘मी तिची मुलगी आहे, मी नाही म्हणते’ एवढ्याने सोशल वर्कर थांबणार नाही. पण तिलाही मनाला येईल ते करता येत नाही. दोघींच्या मध्ये २००५चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट उभा आहे. तो २००७मध्ये लागू झाला आणि इंग्लंड-वेल्सपुरता आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा.

या कायद्याचं पहिलंच कलम वाचा, अर्ध्या पानाचं आहे. उलट सिद्ध होईपर्यंत माणूस निर्णयक्षम आहे असंच धरायचं. त्याला निर्णय घेता यावा म्हणून शक्य ती सगळी मदत केल्याशिवाय ‘त्याला जमत नाही’ असं म्हणायचं नाही. निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही. अक्षम ठरलाच, तर जे करायचं ते त्याच्या हिताचं हवं आणि त्याच्या स्वातंत्र्याला कमीत कमी कात्री लावणारं हवं. परीक्षा मोजक्या गोष्टींची असते: मुद्द्याची माहिती समजते का, लागेल तेवढा वेळ लक्षात राहते का, ती तोलून पाहता येते का, आणि निर्णय कसाही का होईना, सांगता येतो का. ही परीक्षा दर निर्णयाची वेगळी. बँकेचे व्यवहार जमत नाहीत म्हणून कुठे राहायचं हेही ठरवता येत नाही, असं होत नाही. डिमेन्शियाचं निदान म्हणजे अक्षमतेचा दाखला नव्हे. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये क्रमही स्पष्ट केला. आधी बघायचं की निर्णय घेता येतो का, आणि येत नसेल तरच विचारायचं की तो मेंदूच्या किंवा मनाच्या विकारामुळे का.

कागदावर हे छान वाटतं. आपल्या घरात काय होतं ते सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. ८१ वर्षांच्या एक आजी, मूळच्या कोकणातल्या, चाळीस वर्षं इथे राहूनही इंग्रजी ‘थँक्यू, नो थँक्यू’पुरतं. तपासणीला आलेल्या बाईंनी फोनवर दुभाषा लावला, तो हिंदीवाला. मुलगा शेजारीच बसला होता आणि मधूनमधून स्वतःच उत्तरं देत होता. प्रश्न आला, घरी राहायचंय की होममध्ये? आजी म्हणाल्या, ‘आता मुलं म्हणतील तसं.’ अहवालात लिहिलं गेलं की त्यांना पर्याय तोलता येत नाहीत, त्या सगळं कुटुंबावर सोपवतात. मी ते वाक्य वाचलं आणि हसावं की रडावं कळेना. माझी आई डॉक्टरांना, भाजीवाल्याला, सुनेला, सगळ्यांना हेच म्हणते आणि मग तिला हवं तेच करते! आपल्याकडे तो निर्णय नसतो, ती रीत असते.

आम्ही पुन्हा तपासणी मागितली: सकाळची वेळ, त्यांचंच स्वयंपाकघर, समोर बसलेली मराठी दुभाषी आणि मुलगा बाहेर. या वेळी ‘कुठे राहायचंय’ असं न विचारता ‘रात्री पडलात तर काय कराल?’ असं विचारायला सांगितलं. आजींनी गळ्यातल्या अलार्मचं बटण दाखवलं. ‘हे दाबायचं. मागल्या खेपेला दाबलं होतं, शेजारीण आली. आणि नाही आलं कुणी तर पडून राहीन सकाळपर्यंत. पण तिथं मला सहा वाजता जेवायला बसवणार, नि देवाजवळ दिवा कोण लावणार हो, बाई?’ धोका सांगितला, तो मान्य केला, आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सांगितलं. तोलणं म्हणतात ते हेच. प्रकरण न्यायाधीशांपर्यंत गेलंच नाही. कौन्सिलने, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेने, दिवसातून चार वेळा येणारी केअरर मंजूर केली.

म्हणून सोशल वर्करला आजच ईमेल करा. कुठल्या निर्णयाबद्दल तपासणी झाली, कोणी केली, कोणत्या भाषेत केली, आणि अहवालाची प्रत मिळेल का, एवढं विचारा. मराठी दुभाषी लेखी मागा. तुम्ही स्वतः दुभाषी होऊ नका, कितीही मोह झाला तरी. तुमच्या तोंडून आलेलं तिचं उत्तर पुढे कुणीच खरं धरत नाही.

आणि आई खरोखरच अक्षम ठरली तर? तरीही तिच्या इच्छेला किंमत आहे. १९९०च्या दशकातली एक केस मी नवशिक्यांना नेहमी सांगते. ब्रॉडमूर या कडेकोट मनोरुग्णालयातल्या ६८ वर्षांच्या रुग्णाच्या पायाला गँगरीन झालं होतं. त्याला स्किझोफ्रेनिया होता आणि आपण थोर डॉक्टर आहोत असा त्याचा समज होता. शल्यचिकित्सकाच्या मते पाय कापला नाही तर जगण्याची शक्यता १५ टक्केच होती. रुग्ण नको म्हणाला. न्यायालयाने त्याचं ऐकलं, कारण भ्रम असला तरी पायाविषयीची माहिती त्याला कळत होती आणि तो ती तोलू शकत होता. तो जगला, पायासकट. पुढे २००५च्या कायद्यात जी कसोटी आली, तिचं मूळ बरंचसं या निकालात आहे. माणूस अक्षम असतो तेव्हाही ‘हित’ म्हणजे डॉक्टरांच्या किंवा मुलांच्या नजरेतलं हित नव्हे. २०१३च्या एन्ट्री (Aintree) इस्पितळाच्या निकालात न्यायमूर्ती लेडी हेल यांनी प्रश्न रुग्णाच्या जागी उभं राहून सोडवायला सांगितला. तेव्हा आई वडिलांबरोबर घरात कशी राहायची, काय खायची, कुठल्या वाराला काय करायची, हे लिहून द्या. तुम्हाला वाटतं त्याहून या कागदाला वजन आहे.

होममध्ये ठेवलंच, चोवीस तास नजर ठेवली आणि दाराबाहेर एकटीला जाऊ दिलं नाही, तर २०१४च्या चेशायर वेस्ट निकालाप्रमाणे ते स्वातंत्र्य हिरावणं ठरतं, माणसं कितीही प्रेमळ असोत. पिंजरा सोन्याचा असला तरी पिंजराच, असं त्या निकालात आहे. अशा बंदिवासाला कौन्सिलकडून रीतसर मंजुरी लागते, ती एका वेळी जास्तीत जास्त बारा महिन्यांची. असे अर्ज इंग्लंडमध्ये वर्षाला तीन लाखांच्या वर जातात, त्यामुळे अनेक जण मंजुरीविनाच महिनोन्‌महिने बसलेले असतात. मंजुरी आली की तिला कोर्ट ऑफ प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे निर्णयक्षमतेची प्रकरणं बघणाऱ्या न्यायालयात, आव्हान देता येतं, आणि त्या आव्हानासाठी आईला सरकारी कायदेशीर मदत उत्पन्न न बघता मिळते. हे कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

एक जोडकाम आहे. आईला चांगल्या दिवशी समजत असेल तर लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र, अजूनही करता येईल. त्याचे दोन प्रकार असतात, पैशांचा आणि तब्येतीचा. दोन्ही करा. ती करून देण्याची क्षमता ही सगळे व्यवहार स्वतः सांभाळण्याच्या क्षमतेहून वेगळी असते. काकांनी साताऱ्यात करून ठेवलेलं साधं कुलमुखत्यारपत्र या कामाचं नाही. तसं मुखत्यारपत्र भारतीय करार कायद्यानुसार देणारा भानावर नसला की संपतं, म्हणजे नेमकं लागतं तेव्हाच. उलट, इथल्या कागदावर तिथला फ्लॅट विकला जाईल असंही समजू नका.

आता इन्क्वेस्ट. हा शब्द ऐकून आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पोलीस, पंच आणि पंचनामा येतात. मुंबईत १९९९पर्यंत कोरोनर होता, पण तो जाऊन पिढी उलटली. इथला कोरोनर हा न्यायिक अधिकारी आहे, त्याचं पद ११९४पासून चालत आलंय. तो चारच प्रश्नांची उत्तरं शोधतो: मेलेली व्यक्ती कोण, मृत्यू कधी झाला, कुठे झाला आणि कसा झाला. कोरोनरविषयीच्या २००९च्या कायद्याचं दहावं कलम त्याला कुणाचीही दिवाणी जबाबदारी किंवा नाव घेऊन फौजदारी जबाबदारी ठरल्यासारखं काही लिहायला मनाई करतं. त्या न्यायालयात वादी नसतो, आरोपी नसतो. अंगावर झगा नसतो की डोक्यावर विग नसतो. माझ्या आईची विगमधल्या फोटोची हौस अजून पुरायची आहे.

मग त्यातून मिळतं काय? साक्षीपुरावा मिळतो. त्या रात्रीची नर्स, रजिस्ट्रार (मधल्या फळीचा डॉक्टर), कन्सल्टंट (वरिष्ठ तज्ज्ञ) तुमच्यासमोर शपथेवर बोलतात. मुलगी म्हणून तुम्ही ‘इंटरेस्टेड पर्सन’ आहात. कागद आधी मागता येतात आणि साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात, स्वतः किंवा वकिलामार्फत. इस्पितळाचा वकील नक्की असेल. तुमचा असावा असा कायदा नाही, आणि इन्क्वेस्टसाठी सरकारी मदत अपवादानेच मिळते. हा अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणते. पण कोरोनर तुमच्या बाजूचा नसला तरी तुमच्या विरुद्धही नसतो. वकिलाविना आलेल्या घरच्यांना सांभाळून घेणारे कोरोनर मी बरेच पाहिलेत.

कागद म्हणजे कुठले, ते एका उदाहरणाने सांगते. प्रत्येक रुग्णाच्या खाटेच्या पायथ्याशी, आता बहुतेक ठिकाणी टॅबलेटवर, निरीक्षणांचा तक्ता असतो. श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, ताप आणि शुद्धी यांना गुण देऊन एक बेरीज निघते, तिला न्यूज-टू (NEWS2) म्हणतात. बेरीज पाच झाली की डॉक्टरने तातडीने बघायचं आणि निरीक्षणं किमान तासातासाला घ्यायची. सात झाली की आणीबाणी. एका इन्क्वेस्टमध्ये असाच तक्ता माझ्या हाती होता. रात्री दोन वाजता बेरीज पाच. पुढची नोंद सहा वाजून वीस मिनिटांनी, बेरीज नऊ. मधे काहीच नाही. आणि त्याआधीच्या बारा तासांत श्वासाच्या रकान्यात १८, १८, १८, १८. आजारी माणूस इतक्या शिस्तीत श्वास घेत नाही. मिनिटभर उभं राहून श्वास मोजायला वेळ नसला की हात आपोआप तोच आकडा लिहितो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मी त्या नर्सला एकच प्रश्न विचारला: दोन वाजता पाच दिसल्यावर तुम्ही कुणाला फोन केला? ती खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘डॉक्टरला ब्लीप केलं (पेजरवर बोलावलं), तो दुसऱ्या वॉर्डात अडकला होता. आम्ही दोघी होतो, अठ्ठावीस पेशंट.’ मृताची बायको माझ्या मागे बसली होती. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘तिला कशाला बोलावलं? बोलावायचं तर माणसं कमी ठेवणाऱ्याला.’ आणि खरोखर पुढच्या आठवड्यात मॅनेजर साक्षीला आला. कोरोनरने शेवटी भविष्यातले मृत्यू टाळण्याचा अहवाल काढला. तसा अहवाल मिळाला की इस्पितळाला ५६ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि असे अहवाल सहसा जाहीर होतात.

निष्कर्ष ‘नैसर्गिक मृत्यू’ असा येऊ शकतो, किंवा काय घडलं ते सांगणारा परिच्छेद येऊ शकतो. ‘निग्लेक्ट’ हा शब्द त्याला जोडला जावा असं प्रत्येक घराला वाटतं. पण त्याचा अर्थ साधा निष्काळजीपणा नव्हे. स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाला अगदी प्राथमिक उपचारही न मिळणं, तेही ढळढळीतपणे, आणि त्याचा मृत्यूशी स्पष्ट संबंध असणं, इतकं सगळं लागतं. पाचची बेरीज आणि चार तास कुणी न येणं त्या रेषेच्या आसपास जातं, पण आधीच वचन देणारा वकील भेटला तर सावध राहा. युरोपीय मानवी हक्क कराराच्या दुसऱ्या, म्हणजे जगण्याच्या हक्काच्या, कलमाखालचा विस्तृत इन्क्वेस्ट हवा असंही कुणी सुचवेल. साध्या वॉर्डातल्या वैद्यकीय चुकीला तो सहसा लागू होत नाही. तुरुंग, सक्तीने मनोरुग्णालयात ठेवलेला रुग्ण, अशी त्याची ठिकाणं.

इस्पितळाने आतापर्यंत तुम्हाला काही कळवलंय का? २०१४पासून गंभीर घटना घडली की मोकळेपणाने सांगून लेखी माफी मागणं इस्पितळावर कायद्याने बंधनकारक आहे. ती माफी म्हणजे कबुली नव्हे, हे २००६च्या कायद्यात आहे, त्यामुळे ‘वकिलांनी बोलू दिलं नाही’ या सबबीत दम नाही. त्यांच्या अंतर्गत चौकशीचा अहवाल मागा.

शेवटी काकांची केस. इथे बोलायला फार नाही, आणि जे आहे ते ऐकायला बरं वाटणार नाही.

इंग्लंडची कसोटी १९५७च्या बोलम खटल्यातली. विजेचे झटके देताना स्नायू सैल करायचं औषध न दिल्याने रुग्णाची हाडं मोडली आणि तो दावा हरला, कारण तेव्हा जबाबदार डॉक्टरांचा एक वर्ग तसंच करत होता. १९९७च्या बोलिथो निकालाने त्यावर लगाम घातला. तज्ज्ञांचं मत तर्कालाही टिकायला हवं, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणी २००५मध्ये बोलमच उचलला, त्यामुळे काकांना तिथली भाषा ओळखीची वाटेल. त्याहून जुना जोशी विरुद्ध गोडबोले हा निकाल तर आपल्याच मातीतला. १९५३मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली आणि पुण्यातल्या उपचारांत तो गेला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर. तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचायला १९६८ उजाडलं.

तुमच्या प्रकरणात चूक सिद्ध होणं मला तितकंसं अवघड वाटत नाही. अडेल ते कार्यकारणावर. अँटिबायोटिक वेळेवर मिळालं असतं तर ते वाचले असते का, आणि हे ‘असण्याची शक्यता नसण्याहून जास्त’ या मापाने दाखवायचं आहे. संसर्गाचे तज्ज्ञ म्हणाले की वाचण्याची शक्यता ४५ टक्के होती, तर दावा ४५ टक्के मिळत नाही, शून्य मिळतो. २००५च्या ग्रेग विरुद्ध स्कॉट खटल्यात निदानाला नऊ महिने उशीर झाला आणि कर्करोग बरा होण्याची शक्यता ४२वरून २५ टक्क्यांवर आली. तीन विरुद्ध दोन मतांनी त्या रुग्णाचा दावा गेला. मला हा नियम आजही रुचत नाही, पण तो आहे.

पैशांचं म्हणाल, तर १ मे २०२०पासूनच्या मृत्यूंना दुःखाची भरपाई ठरलेली आहे, १५,१२० पाउंड. ती आईला मिळेल. प्रौढ मुलगी म्हणून तुम्हाला एक पेनीही नाही. अंत्यसंस्काराचा खर्च, त्यांच्या शेवटच्या वेदनांची भरपाई, आणि आईची जी सेवा ते करायचे तिचं मोल, हे धरता येतं. यातला शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात, आणि तुमच्या बाबतीत खरा मोठा आकडा तोच असेल. ‘मी त्यांना जाताना पाहिलं, मला झोप येत नाही’ याचा वेगळा दावा होतो का, असं तुम्ही विचारलंय. जानेवारी २०२४च्या पॉल निकालानंतर जवळजवळ नाहीच. त्या प्रकरणात नऊ आणि बारा वर्षांच्या मुलींनी रस्त्यात बाप कोसळताना पाहिला होता, तरी त्यांचा दावा टिकला नाही. झोपेसाठी जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जा, दाव्याची वाट बघत बसू नका.

मुदत साधारण तीन वर्षांची, मृत्यूपासून किंवा चुकीची कल्पना आल्यापासून. इन्क्वेस्ट लांबला म्हणून ती थांबत नाही.

बॅरिस्टर गाठायचा म्हणजे काय, हे राहिलंच. नेहमीची वाट सॉलिसिटरमार्फत. तो कागद गोळा करतो, तज्ज्ञ नेमतो, आणि माझ्या चेंबर्सच्या (बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयाच्या) क्लार्कला फोन करून माझी तारीख घेतो. आम्ही सगळे चार इन्सपैकी, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांपैकी, एकात वाढतो. ग्रेज इन म्हटलं की आपल्याला बाबासाहेब आठवतात; इथल्या जेवणाच्या टेबलावर मी ते नाव सांगितलं की अजूनही कुणीतरी मान वर करतं. माझं बरंचसं काम न्यायालयात होतच नाही. ते टेबलाभोवती होतं: समोर दोन प्राध्यापक-डॉक्टर, आणि मी त्यांना त्यांच्याच अहवालातली कमकुवत ओळ दाखवतेय. बरेच दावे तिथेच मरतात, आणि ते बरंच असतं, कारण न्यायालयात मेले तर महाग पडतं. दाव्यासाठी ‘जिंकलो तरच फी’ असा करार होतो. त्यात वकिलाचा जादा वाटा, भविष्यातल्या नुकसानीचा भाग सोडून, भरपाईच्या २५ टक्क्यांपर्यंतच जाऊ शकतो. इन्क्वेस्टसाठी बॅरिस्टरकडे थेटही जाता येतं. एका दिवसाच्या सुनावणीला आधीच ठरवलेली रक्कम मागा, ताशी दर नको. आणि सॉलिसिटर निवडताना नुसतं ‘मेडिकल नेग्लिजन्स’ नव्हे, तर इन्क्वेस्टही करता का, असं विचारा. दोन्ही करणारा मिळाला तर इन्क्वेस्टमधले प्रश्न दाव्याला उपयोगी पडतील असे विचारले जातात, आणि त्या खर्चाचा काही भाग पुढे वसूलही होऊ शकतो.

या शनिवारी एक काम करा. आईला झोपवून झाल्यावर वहीत ती रात्र लिहून काढा, घड्याळासकट. तुम्ही वॉर्डातून कधी निघालात, बाबा शेवटचं नीट कधी बोलले, नर्सने फोनवर काय शब्द वापरले. वाटलं ते नको, पाहिलं आणि ऐकलं तेवढंच. बाबांनी त्या रात्री तुम्हाला व्हॉट्सॲपवर काही पाठवलं असेल, साधा मिस्ड कॉल असला तरी, वेळेसह स्क्रीनशॉट काढून स्वतःला ईमेल करा. तक्त्यात त्या रात्रीचे काही तास रिकामे निघाले, तर त्यांतली पहिली नोंद कदाचित त्यांच्याच फोनमध्ये सापडेल.